राष्ट्रप्रमुखांच्या विमानात बसताय? मग या चुका टाळा

राष्ट्रपतींच्या परदेश दौऱ्याच्या यादीत नाव आलं की दिल्लीतल्या वार्ताहराच्या घरी पेढे येतात. माझ्याही आले होते. आता आपण बातमीच्या पोटातच शिरणार, असं वाटत होतं. परत आल्यावर हिशेब मांडला तर सगळ्यात जास्त वेळ गेला होता बसमध्ये, त्याखालोखाल हॉटेलच्या लॉबीत. ज्यांच्यासाठी एवढं उडून गेलो, त्यांना प्रत्यक्ष पाहिलं ते सगळं मिळून पाऊण तास, तेही दोरीच्या अलीकडून. पुण्यात सोफ्यावर बसून टीव्ही बघणाऱ्या माझ्या भावाला माझ्यापेक्षा जास्त दिसलं होतं, आणि हे त्यानेच मला ऐकवलं.

तेव्हा पहिली चूक हीच, की जवळ आहोत म्हणजे आपल्याला कळतंय असं मानणं. टीव्हीवर दिसणार आहे तेच लिहायचं असेल तर तिकडे जायची गरज नाही. तुम्ही तिथे असता ते कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरचं टिपायला.

पुलात नंबर लागला तेव्हा

खोली लहान, पत्रकार चाळीस. मग चार-सहा जणांना आत सोडतात आणि त्यांनी बाहेरच्या सगळ्यांसाठी टिपण करायचं असतं. याला इंग्रजी शब्दानेच ‘पूल’ म्हणतात. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या विमानात मागच्या केबिनमध्ये असे १३ जण असतात. आपल्याकडे आकडा बदलत राहतो, पण तत्त्व तेच.

इथे नवा माणूस हमखास दोनपैकी एक चूक करतो. एक तर चांगलं ते स्वतःसाठी राखून ठेवतो आणि बाकीच्यांना चोथा देतो. नाहीतर टिपणात बातमीच लिहायला लागतो. माझं पहिलं टिपण असं होतं: ‘दोन्ही नेत्यांमध्ये खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली.’ बाहेर येताच एका वृत्तसंस्थेच्या ज्येष्ठ बाईंनी विचारलं, ‘कशावरून खेळीमेळीच्या? हसलं कोण? कशावर? दार किती वाजता लागलं?’ मला एकाचंही उत्तर देता येईना. त्यांनीच मग माझ्या वहीत लिहून दिलं, कसं लिहायचं ते: ‘११.०७ ला आत. यजमान डावीकडे, पाहुणे उजवीकडे. यजमान हवामानाबद्दल काहीतरी बोलले, शब्द ऐकू आले नाहीत. पाहुणे हसले. दुभाषा मागच्या खुर्चीवर. ११.०९ ला आम्हाला बाहेर काढलं. प्रश्नाला उत्तर नाही.’ एवढंच. ‘ऐकू आले नाहीत’ हे लिहायला लाज वाटून घेऊ नका. टिपणातला सगळ्यात प्रामाणिक शब्द तोच असतो.

पुलाचा विषय निघाला की सगळे डल्लासची एक गोष्ट सांगतात. २२ नोव्हेंबर १९६३, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली तो दिवस. त्यांच्या ताफ्यातली पुलाची गाडी, त्यात एकच रेडिओफोन. यूपीआय या वृत्तसंस्थेच्या मेरिमन स्मिथने तो आधी उचलला आणि मागे बसलेला एपी या दुसऱ्या वृत्तसंस्थेचा जॅक बेल पाठीत गुद्दे घालत होता तरी सोडला नाही. स्मिथला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. गोष्ट झकास आहे, पण मला त्याच दिवशीची दुसरी जास्त महत्त्वाची वाटते. दुपारी तिथल्या लव्ह फील्ड विमानतळावर उभ्या असलेल्या विमानात उपाध्यक्ष जॉन्सन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. आत पत्रकार म्हणून होते मोजून तिघे. विमान वॉशिंग्टनला निघण्याआधी त्यांच्यातला सिड डेव्हिस हा रेडिओचा वार्ताहर खाली उतरला. जे आत नव्हते त्यांना त्याने शपथेच्या वेळचं एकेक सांगितलं. शतकातल्या सगळ्यात मोठ्या बातमीच्या दिवशी त्याने पुलाचं काम केलं. पारितोषिक फोनवाल्याला मिळालं, हे आपल्या धंद्याला धरूनच आहे.

आत सोडलं तरी डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं धरू नये. २७ नोव्हेंबर २००३ ला अमेरिकेचे अध्यक्ष बुश गुपचूप बगदादला गेले आणि सैनिकांच्या जेवणघरात खरपूस भाजलेली टर्की हातात धरलेला त्यांचा फोटो जगभर छापून आला. ती टर्की मांडणीतली होती. सैनिकांना जेवण वाढलं जात होतं ते शेजारच्या गरम भांड्यांमधून. फोटो खोटा नव्हता. फक्त वाढप्याला एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता.

छापील भाषणावर विसंबणं

भाषणाची प्रत आधी हातात येते. वर लिहिलेलं असतं, प्रत्यक्ष भाषणाशी ताडून पाहा. डेडलाइन डोक्यावर असते, भाषण संपायला तास असतो, आणि हात शिवशिवतात. मी पाठवतो, पण वरती ठळक सूचना घालून: ‘भाषण सुरू झाल्याचा माझा मेसेज येईपर्यंत लावू नका.’ आणि भाषण चालू असताना छापील प्रतीवर पेन्सिल धरून बसतो. गाळलेल्या परिच्छेदावर काट, वाढवलेल्या वाक्याला समासात जागा. कित्येकदा खरी बातमी त्या काट मारलेल्या परिच्छेदातच असते.

पोप हेही राष्ट्रप्रमुखच, व्हॅटिकनचे. त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या पत्रकारांना हा धडा १७ जानेवारी २०१५ ला फिलिपिन्समधल्या टाक्लोबानला मिळाला. वादळी पाऊस, पोप फ्रान्सिस यांच्या अंगावर लोकांसारखाच पिवळा रेनकोट. त्यांनी तयार इंग्रजी प्रवचन बाजूला ठेवलं आणि स्पॅनिशमध्ये मनातलं बोलायला लागले. शेजारी एक जण वाक्यावाक्याचं भाषांतर करत होता. वादळामुळे दौराही आटोपता घेऊन ते ठरलेल्या वेळेच्या काही तास आधीच निघाले. अशा दिवशी ज्याची कॉपी छापील प्रतीवरून आधीच गेलेली असते, त्याने न झालेलं भाषण छापलेलं असतं.

एम्बार्गो, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी छापायचं नाही ही अट, मोडण्याची तर गोष्टच सोडा. त्याच वर्षी जूनमध्ये एका इटालियन साप्ताहिकाने पोपचं पर्यावरणावरचं परिपत्रक ठरलेल्या दिवसाच्या तीन दिवस आधी छापलं. त्यांच्या मुरलेल्या व्हॅटिकन वार्ताहराला प्रवेशपत्र गमवावं लागलं. कधीकधी दौराच एम्बार्गोखाली असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये बायडेन कीव्हला गेले तेव्हा बरोबर फक्त दोन पत्रकार होते, एक लिहिणारी आणि एक फोटोग्राफर. त्यांना आलेल्या सूचनेच्या मेलचा विषय होता गोल्फ स्पर्धा, आणि विमानात चढण्याआधी दोघांचेही फोन काढून घेतले होते.

मराठीतले खड्डे

आता खास आपल्या चुका. प्रेसनोट येते हिंदीत आणि इंग्रजीत. रात्री दोनला डोळे चुरचुरत असतात आणि हिंदी प्रत जवळची वाटते. तिच्यात असतं ‘राजकीय यात्रा’. आपण लिहून मोकळे होतो, ‘राष्ट्रपतींचा राजकीय दौरा’. झालं! मराठी वाचकाला वाटतं, राष्ट्रपती प्रचाराला गेल्या की काय. हिंदीतलं ‘राजकीय’ म्हणजे आपलं ‘शासकीय’. ‘शिक्षा के क्षेत्र में सहयोग’ची ‘शिक्षा क्षेत्रात सहकार्य’ झालेली कॉपी मी स्वतः डेस्कवर अडवली आहे. नाहीतर दोन देशांनी मिळून तुरुंग बांधायला घेतलेत असंच वाटलं असतं. ‘संविधान संशोधन’ म्हणजे घटनादुरुस्ती, संशोधन नव्हे. या शब्दांची यादी मी वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवली आहे.

दुसरा खड्डा पदांचा. राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख एकच नव्हेत. आपल्याकडे राष्ट्रपती आणि पंतप्रधान, हे कळतं. घोळ होतो बाहेर. ऑगस्ट २०२४ मध्ये द्रौपदी मुर्मू फिजी, न्यूझीलंड आणि तिमोर-लेस्ते अशा दौऱ्यावर होत्या. फिजीत राष्ट्रप्रमुख म्हणजे तिथले राष्ट्रपती. न्यूझीलंडचे राष्ट्रप्रमुख मात्र ब्रिटनचे राजे चार्ल्स, आणि त्यांच्या वतीने स्वागत करतात गव्हर्नर जनरल. तिथल्या पंतप्रधानांना ‘राष्ट्रप्रमुख’ म्हणणं म्हणजे ठळक अक्षरात चूक. सुरिनाममध्ये उलट, तिथे अध्यक्ष दोन्ही असतात. निघण्याआधी एका कागदावर दौऱ्यातल्या सगळ्या देशांची पदं लिहून घ्यायला दहा मिनिटं लागतात.

तिसरी चूक म्हणजे आपल्या माणसांना न भेटताच परत येणं. मार्च २०२४ मध्ये मुर्मू मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला प्रमुख पाहुण्या होत्या. मराठी वार्ताहराला तिथे द्विपक्षीय करारांपेक्षा मोलाचं काही असेल तर ती तिथली मराठी माणसं. पिढ्यान्पिढ्या तिथेच राहिलेली, आणि गणेश चतुर्थीला ज्या देशात सार्वजनिक सुट्टी असते त्या देशातली. सातव्या पिढीतल्या भारतवंशीयांनाही ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचं कार्ड मिळेल अशी घोषणा राष्ट्रपतींनी त्याच दौऱ्यात केली. ती दिल्लीच्या चष्म्यातून एक ओळ होती. मॉरिशसच्या एखाद्या मराठी घरात बसून लिहिली असती तर पान झालं असतं.

घड्याळ

जून २०२३ चा दौरा घ्या. सुरिनाममध्ये हिंदुस्थानी मजुरांचं पहिलं जहाज पोचल्याला १५० वर्षं झाली म्हणून राष्ट्रपती पारामारिबोला, तिथून सर्बियाला. पारामारिबो आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. तिथे संध्याकाळी सहाचा कार्यक्रम म्हणजे इथे मध्यरात्रीनंतरचे अडीच. लांबच्या गावांची डाक आवृत्ती कधीच गेली, शहर आवृत्तीही गेली. दोन दिवसांनी बेलग्रेडला तोच फरक साडेतीन तासांवर येतो. फिजीला जाल तर तुम्ही साडेसहा तास पुढे, म्हणजे तिकडचा सकाळचा कार्यक्रम इथे उजाडण्याआधीच आटोपलेला. कॉपीत ‘आज’, ‘काल’ लिहूच नका, वार लिहा. आणि हातातलं घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवा. स्थानिक वेळ बसवाला सांगतोच.

गाडी सुटली, फोन मेला, बॅग नाही

ताफा कुणासाठी थांबत नाही. स्वच्छतागृहात गेलात आणि बस निघाली, तर टॅक्सी करून मागे धावू नका. रस्ते बंद असतात, गळ्यातला पास नाक्यावरच्या स्थानिक पोलिसाला ओळखू येत नाही, आणि पळणारा माणूस तर कुठल्याच देशातल्या पोलिसाला आवडत नाही. सरळ मीडिया सेंटरला जा, तिथल्या फीडवर काम करा, पुढच्या ठिकाणी सामील व्हा. दूतावासातल्या प्रसिद्धी अधिकाऱ्याचा नंबर फोनमध्ये नको, कागदावर हवा. ताफ्यात जॅमर असला की फोन निव्वळ आरसा उरतो, आणि बॅटरी संपल्यावरही तसंच.

सामान निघण्याच्या कितीतरी तास आधी गोळा करतात आणि ते हातात परत येतं थेट हॉटेलच्या खोलीत, कधी मध्यरात्रीही. चार्जर, औषधं, एक धुतलेला शर्ट खांद्यावरच्या पिशवीत. फिजी-न्यूझीलंडचं सॉकेट तिरक्या पात्यांचं असतं, आपली पिन तिथे बसत नाही. हॉटेलचं बिल कोण भरणार ते निघण्याआधी संस्थेकडून लेखी घ्या. ते मी घेतलं नव्हतं, त्याचं अजून दुखतं.

आणि विमानातून काही उचलू नका. हसू नका, २०२४ मध्ये अमेरिकेत पत्रकारांच्या संघटनेलाच आपल्या सदस्यांना कळवावं लागलं की अध्यक्षांच्या विमानातल्या उशा, पेले, सोनेरी काठाच्या बशा घरी नेणं बंद करा.

परतीच्या विमानात

सगळे पेंगायला लागतात आणि नेमके तेव्हाच राष्ट्रप्रमुख मागच्या केबिनमध्ये येतात. ‘मी कोण न्याय करणार’ हे पोप फ्रान्सिस यांचं जगभर गाजलेलं वाक्य जुलै २०१३ मध्ये रिओहून परतताना विमानातच आलं. पंतप्रधान असताना मनमोहन सिंगही परतीच्या वाटेवर पत्रकारांशी बोलत. त्यामुळे रेकॉर्डर बॅगेत टाकून झोपू नका. इंजिनाच्या घरघरीत तिसऱ्या रांगेतूनही शब्द नीट टिपला जात नाही, म्हणून बोलणाऱ्याजवळ बसलेल्याकडे आपला रेकॉर्डर द्या आणि त्याचा प्रश्न आपल्या वहीत लिहा. मग विमान उतरायच्या आत चौघांनी ध्वनिमुद्रण वाटून घेऊन दहा-दहा मिनिटांचं शब्दशः उतरवायचं आणि एकमेकांचं तपासायचं. कारण दार उघडलं की पहिल्या दोन मिनिटांत सगळ्यांचेच फोन लागतात, आणि ‘ते म्हणाले की म्हणाले नाहीत’ हे विचारायला तेव्हा शेजारी कुणी नसतं.