स्पीकरमधून घरघर येतेय? आधी अर्थिंग बघा

गाणं बंद असूनही कॉम्प्युटरचा स्पीकर घरघरत असेल, तर लगेच ड्रायव्हर (आवाज चालवणारं सॉफ्टवेअर) बदलत बसू नका. स्पीकरची ३.५ मिमीची पिन काढून चार्जिंगला न लावलेल्या मोबाइलला जोडा. घरघर थांबली तर स्पीकर ठीक आहे, दोष बहुधा अर्थिंगचा.

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये काळी माती सुकून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि विजेची ५० हर्ट्झची गुणगुण स्पीकरमध्ये उतरू शकते. खड्ड्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी ओता (टंचाईत भांडी विसळलेलं पाणीही चालतं). कॉम्प्युटर, मॉनिटर, स्पीकर एकाच थ्री-पिन बोर्डावर घ्या. टू-पिनचं कन्व्हर्टर लावलेलं असेल तर काढाच. अर्थिंग तिथंच तुटतं आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात.

मोबाइलवरही घरघर राहिली, तर स्पीकरच्या आतला फिल्टर कपॅसिटर (विजेतली गुणगुण गाळणारा सुटा भाग) फुगलेला असू शकतो. दुरुस्तीवाल्याकडून तितक्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा बसवून घ्या.

अजिबात आवाज नसेल तर गोष्ट वेगळी: पिन हिरव्या जॅकमध्येच आहे ना, आणि विंडोजनं आवाज एचडीएमआय मॉनिटरकडे तर वळवला नाही ना, ते बघा.