थंड पाण्यातली पहिली शर्यत: या चुका टाळा

पुण्यातल्या टिळक जलतरण तलावावर पहाटेच्या बॅचला येणारी आम्ही मंडळी डिसेंबरातही खाडा करत नाही. त्यामुळे थंडीचं आपल्याला काय, अशी माझी समजूत होती. मग लेकीकडे इंग्लंडला गेले असताना तिथल्या एका तळ्यातल्या दीड किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. पाणी १५ अंश. भोंगा वाजला, मी जोशात सूर मारला आणि छाती कुणीतरी दोरीनं आवळावी तसं झालं. तोंड पाण्यात घालवेना. पन्नास मीटरवर मी उताणी पडून आभाळ बघत होते.

चूक तिथे झाली नव्हती, पुण्यातच झाली होती. मी अंतराची तयारी केली होती, पहिल्या दोन मिनिटांची नाही.

कातडी एकदम गार पडली की आपण नकळत खोल श्वास ओढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत. पाठोपाठ धाप लागते, नाडी आणि रक्तदाब चढतो. एक ते तीन मिनिटांत हे आपोआप ओसरतं, पण नवख्याला वाटतं की संपलं आता सगळं, आणि तो हातपाय झाडायला लागतो. खरं तर शरीर आतून गारठायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. घात होतो तो या आधीच्या घाबरण्यानं. म्हणून सूर मारू नका. मानेवर, तोंडावर पाणी मारा, हळू उतरा, उताणं तरंगत श्वास लांब सोडा. बोलता येऊ लागलं की पोहा. नवख्यानं सुरुवातीला कडेला किंवा मागे उभं राहावं. अर्धं मिनिट जाईल, जाऊ दे.

याची सवय घरी होते. जानेवारीत गच्चीवरच्या टाकीचं पहाटेचं पाणी काही कमी बोचरं नसतं. दोन-तीन मिनिटं त्याखाली उभं राहून श्वास आवरायचा. असं पाच-सहा वेळा केलं तरी धाप बरीच कमी होते. टबात बर्फाची लादी टाकून बसायचं सध्या फॅड आहे, नवख्याला त्याची गरज नाही. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर हे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच.

आणि कृपा करून सरावासाठी खडकवासल्याला गुपचूप उतरू नका. मनाई आहे, शिवाय ते आपलंच पिण्याचं पाणी. पुणेकर सागरी शर्यतीची सुरुवात बऱ्याचदा मालवणच्या चिवला बीचवर करतात. लाटा आणि गर्दी तिथे शिकायला मिळते, गारठा नाही. तिथलं पाणी डिसेंबरातही त्या तळ्यापुढे कोमटच म्हणायचं.

वेटसूटला, म्हणजे ऊब टिकवणाऱ्या घट्ट रबरी पोशाखाला, नाक मुरडणारेही आमच्यात आहेत. आपल्या पुण्याचा रोहन मोरे २०१८ मध्ये ‘ओशन्स सेव्हन’ म्हणजे जगातल्या सात अवघड खाड्या पोहून पूर्ण करणारा पहिला आशियाई ठरला, त्यानं कुठे वेटसूट घातला, असं म्हणतात. अहो, खाडी पोहण्याचे नियम निराळे, त्यामागची तयारीही निराळी. जागतिक स्पर्धांतसुद्धा पाणी १८ अंशांखाली असेल तर वेटसूट सक्तीचा आणि १६ खाली शर्यतच नाही. मात्र तो शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. माझा भाड्याचा होता, गळ्याशी घट्ट. धाप लागली तेव्हा त्यानंच गळा दाबल्यासारखं वाटलं. आधी एकदा घालून पोहा, मानेला वेटसूटला चालणारं मलम लावा.

खुल्या पाण्यात तलावासारखी तळाशी काळी रेघ नसते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच वाकडे जातात. तलावावर मोकळी लेन मिळाली तर डोळे मिटून सात-आठ हात मारा, कुठे भरकटता ते कळेल. खुल्या पाण्यात तितक्याच हातांनंतर मगरीसारखे डोळे वर काढून खूण बघायची. डोकं पूर्ण उचललं की पाय बुडतात. वळताना भिंतीला पाय मारून मिळणारा धक्काही नसतो: २५ मीटरच्या तलावात दीड किलोमीटर म्हणजे ५९ वेळा फुकटचा धक्का. तो वजा करूनच वेळेचा अंदाज बांधा.

दम लागला तर हात वर करा. बऱ्याच शर्यतींत मदतीला असलेली छोटी होडी (कायाक) धरून थांबलं तर बाद करत नाहीत, फक्त धरून पुढे सरकायचं नाही. आयोजकांना आधी विचारून ठेवा.

शेवटची चूक काठावर होते. बाहेर आल्यावर बरं वाटतं म्हणून माणूस फोटो काढत बसतो, किंवा थेट गरम शॉवरखाली जातो. शरीराचं तापमान बाहेर आल्यावरही वीस-तीस मिनिटं उतरत राहतं आणि गरम पाण्यानं चक्कर येऊ शकते. ओलं लगेच काढा, आधी छाती-पाठ झाका, मग टोपी, मोजे. बटणं नकोत, बोटं ऐकत नाहीत. जीभ जड झाली किंवा बोलण्यात गोंधळ व्हायला लागला तर लगेच वैद्यकीय पथकाला गाठा. गाडी चालवू नका. चहा प्या, पण कप अर्धाच भरायला सांगा. कुडकुडत मी भरलेला कप लेकीच्या नव्या जॅकेटवर ओतला होता.