सोनं शोधायला मोटर घेऊन नदीवर निघालात? या चुका टाळा

सॅक्रामेंटोजवळ राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली आणि जवळजवळ तितकीच वर्षं मी सुट्टीच्या दिवशी 'अमेरिकन' नावाच्या नदीवर नाहीतर युबा नदीवर पॅन, म्हणजे वाळू धुऊन सोनं शोधायची पसरट थाळी, घेऊन बसतोय. दर उन्हाळ्यात मंडळातलं कोणीतरी फोन करतं, "दादा, आम्हालाही यायचंय," आणि दर उन्हाळ्यात त्यातला एक तरी जण गाडीच्या डिकीतून असं काहीतरी बाहेर काढतो की माझ्या पोटात गोळा येतो. पंप, होज, बॅटरी, एकदा तर चक्क पेट्रोलचं इंजिन. प्रत्येक वेळी तेच तेच समजावून घसा बसलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. हे फक्त कॅलिफोर्नियापुरतं आहे हं, ओरेगनचे नियम वेगळे, नेवाडाचे वेगळे, तिकडे जाणार असाल तर तिकडचं वाचा.

"हे ड्रेज नाहीये, हे हायबँकर आहे"

ही माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी चूक, कारण ही करणारा माणूस अभ्यास करून आलेला असतो. त्याला माहीत असतं की कॅलिफोर्नियात सक्शन ड्रेजवर, म्हणजे नदीच्या तळातली वाळू मोटरने शोषून घेणाऱ्या यंत्रावर, बंदी आहे, २००९ पासून आहे. म्हणून तो ड्रेज घेत नाही, दुसरं काहीतरी घेतो ज्याच्या खोक्यावर ड्रेज हा शब्द नसतो. हायबँकर, पॉवर स्लूस, मिनी काहीतरी, काठावर ठेवून पंपाच्या पाण्याने वाळू धुणाऱ्या यंत्रांची नावं भरपूर आहेत.

पण कायदा खोक्यावरचं नाव वाचत नाही. २००९ ला बंदी आल्यावर लोकांनी पळवाटा काढल्या, ड्रेजचा एखादा भाग काढून ठेवायचा आणि म्हणायचं हे आता ड्रेज राहिलंच नाही. म्हणून २०१५ मध्ये एसबी ६३७ नावाचा कायदा आला आणि त्यात व्याख्याच रुंद केली. नदी, ओढा किंवा तळ्याचा तळ, काठ किंवा पात्र, यातला माल खनिज मिळवण्यासाठी काढायला, काढायला मदत करायला किंवा त्या मालावर प्रक्रिया करायला जी कुठली यांत्रिक किंवा मोटरवाली व्यवस्था वापराल ती सक्शन ड्रेजिंगमध्येच धरली जाते. 'प्रक्रिया' हा शब्द परत वाचा. म्हणजे तुम्ही हाताने फावड्याने वाळू काढली, बादलीत भरली, आणि मग काठावर बसून बॅटरीच्या पंपाने पाणी सोडून ती धुतली तरी तुम्ही त्या व्याख्येत आलात. त्याच कायद्यात हेही स्पष्ट आहे की बिनमोटरचं हौशी काम, पॅनिंग धरून, याला हात लावलेला नाही.

आता किस्सा. माझा एक मित्र, पुण्याचा, फ्रीमाँटला आयटीत, वयाने लहान, मला दादा म्हणतो. दोनदा माझ्याबरोबर येऊन पॅनिंग केलं, दोन्ही वेळा चार-पाच बारीक कण मिळाले आणि तिथेच त्याचा धीर सुटला. एका ऑनलाइन दुकानातून हायबँकर मागवला, बारा व्होल्टचा पंप आणि बॅटरीसकट, दुकानाच्या पानावर 'सगळीकडे कायदेशीर' असं लिहिलं होतं म्हणे. मला काही सांगितलं नाही, सांगितलं असतं तर मी नाही म्हणणार हे त्याला ठाऊक होतं. मी त्या शनिवारी उशिरा पोचलो, वरून वाट उतरताना आधी पंपाची घरघर ऐकू आली आणि मग दिसलं की मत्स्य आणि वन्यजीव खात्याची वॉर्डन त्याच्या शेजारी उभी आहे. ती ओरडत नव्हती, अगदी शांतपणे तिने एकच विचारलं, या बादलीतली वाळू कुठून घेतली. त्याने प्रामाणिकपणे पाण्याकडे बोट दाखवलं. झालं. यंत्राचं नाव काय, पंप केवढा, यातलं तिने काहीसुद्धा विचारलं नाही.

नंतर तो मला म्हणाला, "दादा, एवढासा पंप रे, माझ्या आईच्या कुंड्यांना घालायचा पंप याच्यापेक्षा मोठा आहे." खरं होतं ते, पण कायद्यात पंपाचा आकार लिहिलेलाच नाही. दंड झाला, तो भरता येतो. पण हा गुन्हा मिसडिमिनरमध्ये, म्हणजे किरकोळ असला तरी फौजदारी गुन्ह्यात मोडतो, आणि त्याच्या ग्रीन कार्डचा अर्ज चालू होता. त्या फॉर्ममध्ये विचारतात की तुम्हाला कधी अटक झाली का, साइटेशन मिळालं का, आरोप झाला का, आणि तिथे त्याला 'हो' लिहावं लागलं, कोर्टाचे कागद जोडावे लागले, वकिलाचे पैसे त्या यंत्राच्या कितीतरी पट झाले. शेवटी कार्ड आलं, पण मधले कितीतरी महिने त्याची बायको रात्री नीट झोपली नाही हे मी डोळ्याने बघितलंय. आपल्यातले निम्मे लोक व्हिसावर आहेत मंडळी. दोन कण सोन्यासाठी हे ओढवून घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

माझी सवय सांगतो. नवीन कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी मी दोनच गोष्टी बघतो, हिला मोटर आहे का आणि माल नदीचा आहे का. दोन्हीचं उत्तर हो असेल तर ती वस्तू घरी येत नाही.

"मग नदीपासून लांब नेऊन धुवू की"

नाही. बंदी असलेल्या पाण्यापासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटर, असं यंत्र नुसतं जवळ बाळगणंही बेकायदा आहे. आणि लांब नेलं तरी वाळू नदीचीच राहते ना.

"ही फेडरल जमीन आहे, राज्याचा कायदा लागत नाही"

हे वाक्य एखादा जुना गोरा प्रॉस्पेक्टर छातीठोकपणे सांगतो आणि आपले लोक मान डोलावतात. युक्तिवाद असा की १८७२ च्या फेडरल मायनिंग कायद्याने खाणकामाचा हक्क दिलाय, मग राज्य कोण अडवणारं. हा युक्तिवाद कोर्टात होऊन गेलाय! ब्रँडन राइनहार्ट नावाच्या माणसाने प्लुमास राष्ट्रीय वनात स्वतःच्या क्लेमवर, म्हणजे खाणकामासाठी नावावर नोंदवलेल्या जागेवर, परमिटशिवाय ड्रेज चालवला, शिक्षा झाली, तो हेच मुद्दे घेऊन वर वर गेला, आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्याची बंदी फेडरल जमिनीवरही चालते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचं अपील ऐकायलाच घेतलं नाही. त्याच्याकडे स्वतःचा क्लेम होता तरी ही गत झाली, तुम्ही तर रविवारचे पाहुणे.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर लोक घाबरून डिटेक्टरसुद्धा घरी ठेवतील. बीएलएमच्या, म्हणजे फेडरल सरकारच्या जमीन खात्याच्या, जमिनीवर 'कॅज्युअल यूज' (किरकोळ वापर) म्हणून जे चालतं त्यात हाताची अवजारं, पॅनिंग, बिनमोटरचा स्लूस (वाळू धुवायची आडव्या पट्ट्यांची पन्हळ), मेटल डिटेक्टर आणि वाळवंटातला छोटा बॅटरीवरचा ड्रायवॉशर (पाण्याऐवजी हवेने माती वेगळी करणारं यंत्र) हेही येतं. बॅटरी आहे म्हणून प्रत्येक गोष्ट वाईट असं नाही. डिटेक्टर फक्त 'इथे काहीतरी आहे' एवढं सांगतो, खणायचं तुम्हालाच.

बंदी का आहे हे समजून न घेणं

ही चूक कोणी मोजत नाही पण मला हिचाच सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण ज्याला कारण माहीत नाही तो वॉर्डन दिसला नाही की मोटर सुरू करतो. २४ जानेवारी १८४८ ला कोलोमाला जेम्स मार्शलला सोनं दिसलं आणि पुढच्या काही वर्षांत लोकांनी तोफेसारख्या पाण्याच्या झोताने अख्खे डोंगर धुऊन काढले. त्यातल्याच मालाकॉफ डिगिन्सला एकदा जाऊन या, त्या कड्यांकडे बघून पोटात कालवतं. खाली खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गाळाखाली गेल्या, शेवटी १८८४ मध्ये न्यायाधीश सॉयर यांनी तो गाळ नदीत सोडायला मनाई केली. पण तोपर्यंत सोनं पकडायला वापरलेला पारा नद्यांत गेला होता, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या अंदाजाने नुसत्या प्लेसर, म्हणजे वाळू-खडीतलं सोनं धुऊन काढायच्या, खाणकामातून सुमारे १ कोटी पौंड. तो अजून तिथेच आहे, तळाच्या खडकांच्या खाचांत, आणि सोनंही नेमकं त्याच खाचांत बसतं. मोटरने तो तळ ढवळला की पाऱ्याचे अगदी बारीक कण होऊन पाण्याबरोबर वाहतात, पुढे जीवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात आणि ते माशांत साठतं. हे मासे खाणारी माणसं आहेत, त्यांची मुलं आहेत. शिवाय सामन आणि स्टीलहेड माशांची अंडी खडीत असतात, ती वेगळीच.

आता बारक्या चुका, भरभर

स्टेट पार्कात फावडं नेणं. ऑबर्न स्टेट रिक्रिएशन एरियासारख्या ठिकाणी फक्त हात आणि पॅन, दिवसाला १५ पौंड माल, आणि गढूळ पाणी २० फुटांच्या पुढे दिसता कामा नये. तिथे साधा स्लूससुद्धा नको.

नॅशनल पार्कात मेटल डिटेक्टर. नुसता हातात घेऊन फिरणंही चालत नाही. योसेमिटीवरून जाणार असाल तर खोलून, बांधून डिकीत ठेवा.

क्लेम न तपासणं. पाटी नाही म्हणजे क्लेम नाही असं नसतं. बीएलएमचं ऑनलाइन रेकॉर्ड बघा, आणि मी तर त्याच्यावरही न थांबता सोमवारी सकाळी ऑफिसला फोन करतो, कोण काय बोललं ते तारखेसकट वहीत लिहितो. दहा मिनिटं लागतात.

डिटेक्टरला जुनी बाटली नाहीतर नाणं लागलं की खिशात टाकणं. फेडरल जमिनीवरच्या शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना १९७९ चा पुरातत्त्व कायदा लागू शकतो. मी फोटो काढतो आणि होतं तिथे ठेवतो.

उन्हाळ्यात जंगलात पेट्रोलचं इंजिन, कुठल्याही कारणाने, स्पार्क अरेस्टरशिवाय (इंजिनाच्या धुरातल्या ठिणग्या अडवणारा भाग). आगी बघितल्यात ना आपण सगळ्यांनी? मग.

"हाताने काही मिळत नाही हो"

मिळतं, पण तुम्ही घाई करता. मी मूळचा कोल्हापूरचा, आमच्याकडे गुजरीत झारेकरी बघितलेत मी लहानपणी, सोनारांच्या दुकानातला केर आणि गटारातली माती गोळा करून ती लोखंडी घमेल्यात तासन् तास धुणारे. बोटाएवढी मोटर नव्हती त्यांच्याकडे. एक गुंज निघाली तरी दिवस वसूल. आणि इथे नव्या माणसाला पहिल्या तासात काही दिसलं नाही की तो पंप शोधायला लागतो.

मोटरच्या जागी मी काय करतो ते सांगतो. जिथे स्लूस चालतो तिथे साधा ॲल्युमिनियमचा स्लूस नदीच्या प्रवाहातच लावतो, पाणी फुकट आहे आणि आपोआप वाहतंय. दर फुटाला साधारण एक इंच उतार. माल आधी अर्ध्या इंचाच्या चाळणीतून चाळतो, हे नव्वद टक्के लोक करत नाहीत आणि मग म्हणतात सोनं वाहून गेलं, अहो मोठा दगड रिफलवर, म्हणजे स्लूसच्या आडव्या पट्टीवर, अडकला की त्याच्यामागे भोवरा होतो आणि सगळं उचलून नेतो. एका वेळी एकच मूठ माल टाकायचा, फावडंभर नाही. खाचेतून माल काढायला हाताने ओढायचा पंप आहे माझ्याकडे, दंड दुखतात पण मोटर नाही. पॅनमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे बारीक सोनं पाण्यावर तरंगत नाही.

आणि पॅनमध्ये चांदीसारखा चकचकीत, पळणारा थेंब दिसला किंवा सोन्याचा कण पांढरट दिसला तर तो पारा आहे. परत नदीत टाकू नका, आणि घरी गॅसवर तापवून सोनं मोकळं करायचं तर मनातही आणू नका, ती वाफ स्वयंपाकघरात पसरते आणि घरातल्या सगळ्यांच्या श्वासात जाते. मी घट्ट झाकणाची प्लास्टिकची बाटली कायम बरोबर ठेवतो, त्यात थोडं पाणी घालून पारा भरतो, वर मार्करने नाव लिहितो आणि काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन देतो.