आम्ल, आम्लारी आणि धातू: प्रयोग करताना या चुका टाळा

दहावीच्या प्रयोगवह्या तपासायला घेतल्या की दरवर्षी त्याच त्या चुका समोर येतात. रसायनशास्त्र अवघड आहे म्हणून त्या होत नाहीत. 'निरीक्षण' या रकान्यात डोळ्यांना जे दिसले ते न लिहिता पुस्तकात जे वाचले ते लिहिण्याची घाई हे त्यांचे एक मूळ आहे, आणि परीक्षानळीत टाकायची वस्तू नीट न पाहता टाकणे हे दुसरे. कोकणातल्या किनाऱ्यालगतच्या शाळांना हा दुसरा दोष अधिक भोवतो, कारण इथली खारी, दमट हवा धातूची पट्टी असो वा बाटलीतले रसायन, कशालाच फार दिवस जसेच्या तसे राहू देत नाही.

न घासलेला धातू आणि न पाहिलेली नळी

धातूंच्या अभिक्रियाशीलतेचा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. जस्त, लोखंड, तांबे आणि ॲल्युमिनिअम यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या क्षारांच्या द्रावणांत बुडवायच्या आणि कोणता धातू कोणाला विस्थापित करतो ते पाहायचे. एका प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी मी प्रयोगशाळेत देखरेखीला होते. शेवटच्या टेबलावरची एक मुलगी मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात ॲल्युमिनिअमची पट्टी ठेवून बराच वेळ तिच्याकडे पाहत होती. पट्टी चकचकीत होती, द्रावण निळेच्या निळे होते. वेळ संपत आली तेव्हा तिने लिहिले, "कोणताही बदल दिसला नाही," आणि अनुमानात लिहिले की ॲल्युमिनिअम तांब्यापेक्षा कमी अभिक्रियाशील आहे. तिच्या रांगेतल्या इतर सर्वांनी मात्र "पट्टीवर तांबूस थर जमा झाला, द्रावणाचा निळा रंग फिका झाला" असे लिहिले होते, आणि त्यांच्याही नळ्यांत तशीच चकचकीत पट्टी तशाच निळ्या द्रावणात उभी होती. परीक्षकांनी त्यांना पूर्ण गुण दिले आणि त्या मुलीचे कापले.

परीक्षा आटोपल्यावर मी सर्वांना थांबवून घेतले आणि तिच्याच नळीत चिमूटभर मीठ टाकून हलवले. थोड्याच वेळात पट्टीवर बुडबुडे धरू लागले, नळी हाताला गरम लागू लागली, पट्टीवर तांबूस, भुसभुशीत थर चढला आणि निळा रंग उतरत गेला. मुले पाहतच राहिली. ॲल्युमिनिअमच्या पृष्ठभागावर त्याच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ पण घट्ट थर असतो. तो पॉलिश पेपरने घासून काढला तरी हवेत क्षणार्धात पुन्हा तयार होतो आणि आतल्या धातूपर्यंत द्रावण पोहोचू देत नाही. मिठातले क्लोराइड आयन हा थर जागोजागी भेदतात. खारवलेले पाणी ॲल्युमिनिअमच्या टोपात बरेच दिवस राहिले तर तळाला बारीक खड्डे पडतात, त्याचेही कारण हेच आहे. त्या मुलीचे निरीक्षण शंभर टक्के खरे होते. चुकले होते ते फक्त अनुमान, आणि ते एका प्रश्नाने सुधारता आले असते. इतरांचे निरीक्षणच खोटे होते, त्यामुळे त्यात सुधारण्यासारखे काही उरतच नव्हते. गुण कोणाला मिळायला हवे होते याविषयी माझ्या मनात आजही शंका नाही.

माझी पद्धत अशी आहे. प्रत्येक धातूसाठी पॉलिश पेपरचा वेगळा तुकडा ठेवावा आणि त्यावर धातूचे नाव लिहावे. तांबे घासलेल्या कागदाने लोखंड घासले की तांब्याचे कण लोखंडावर येतात आणि प्रयोग सुरू होण्याआधीच 'तांबूस थर' दिसू लागतो. घासून झाल्यावर पट्टी पाण्याने धुवावी, बोटांनी न धरता चिमट्याने धरावी आणि लगेच वापरावी. मॅग्नेशिअमची फीत तर जाळण्यापूर्वी घासलीच पाहिजे. करड्या पडलेल्या फितीला काड्यांमागून काड्या लावत बसणारी मुले मी दर पावसाळ्यात पाहते.

खिळ्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. "घरून लोखंडी खिळा आणा" म्हटले की निम्मी मुले पत्रे ठोकायचे खिळे आणतात. त्यांवर जस्ताचा मुलामा असतो. असा खिळा मोरचुदाच्या द्रावणात टाकला की थर तांबूस न दिसता काळपट दिसतो आणि द्रावण फिकट हिरवे होण्याऐवजी रंगहीन होऊ लागते, कारण अभिक्रिया जस्ताची चाललेली असते. साधा, मुलामा नसलेला खिळा घ्यावा आणि त्यावरचे तेल साबणाने धुवावे. मग पंधरा-वीस मिनिटे धीर धरावा, दोन मिनिटांत नळी ओतून टाकू नये.

मुलाम्यातल्या याच जस्तावरून दुसरा गैरसमज उद्भवतो. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरात ओढून ठेवलेल्या ट्रॉलरच्या पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे बसवलेले दिसतात. ते झिजून खडबडीत झालेले पाहून मुले म्हणतात, "जस्त कमकुवत, म्हणून आधी गेले." जस्त आधी जाते ते लोखंडापेक्षा आणि पंख्याच्या पितळी-कांस्य मिश्रधातूंपेक्षा अधिक अभिक्रियाशील असल्यामुळे, ते स्वतः इलेक्ट्रॉन देते आणि जोडलेल्या धातूला ते द्यावे लागत नाहीत. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून हेच केले होते. तांबे वाचले, पण त्याचे विषारी आयन पाण्यात उतरेनासे झाल्यामुळे जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू लागले. धातूंच्या अभिक्रियाशीलतेच्या श्रेणीतली जागा म्हणजे काय हे या एका प्रसंगातून जितके कळते तितके, धातूंची आद्याक्षरे जोडून बनवलेले वाक्य घोकून कधीच कळत नाही. त्या वाक्यांनी क्रम आठवतो, परंतु क्रमाचा अर्थ विचारला की मुले गप्प होतात.

पिवळी पडलेली बाटली आणि 'ऑक्सिडक कोण?'

फेरस सल्फेटचे द्रावण फिकट हिरवे असते. आमच्याकडच्या कपाटात मात्र ते अनेकदा पिवळसर तपकिरी झालेले सापडते, आणि मुले त्यात जस्त टाकून "रंग बदलला" असे लिहून मोकळी होतात. रंग जस्त टाकण्याआधीच बदललेला असतो. हवेतल्या ऑक्सिजनमुळे Fe²⁺ चे Fe³⁺ झालेले असते, म्हणजे आपल्या धड्यातले ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन गमावणे) बाटलीतच घडून गेलेले असते. हे द्रावण त्या दिवशी ताजे करावे. उकळून थंड केलेले पाणी घ्यावे, त्यात विरल सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब टाकावेत, मग स्फटिक विरघळवावेत आणि बाटलीत एक स्वच्छ, मुलामा नसलेला लोखंडी खिळा सोडून ठेवावा. तयार होणाऱ्या Fe³⁺ ला तो खिळा पुन्हा Fe²⁺ करतो: 2Fe³⁺ + Fe → 3Fe²⁺. मी वर्गात हा खिळा मुद्दाम दाखवते, कारण ऑक्सिडीकरण आणि क्षपण (इलेक्ट्रॉन मिळवणे) यांचे इतके उपयोगी उदाहरण फळ्यावर सापडत नाही.

त्यानंतरची चूक कागदावरची. जस्त आणि कॉपर सल्फेट यांच्या अभिक्रियेत ऑक्सिडक (दुसऱ्याचे ऑक्सिडीकरण करणारा) कोण, असे विचारले की उत्तर येते "जस्त, कारण त्याचे ऑक्सिडीकरण झाले." ज्याचे ऑक्सिडीकरण होते तो क्षपणक असतो. थोडी सावध मुले "तांबे" असे लिहितात, तेही अपुरे आहे, कारण तांब्याचा धातू तर शेवटी तयार होतो. ऑक्सिडक आहे तो Cu²⁺ आयन. यावर पाठांतराचा उपाय मी सांगत नाही. दोन ओळी लिहाव्यात:

Zn → Zn²⁺ + 2e⁻
Cu²⁺ + 2e⁻ → Cu

इलेक्ट्रॉन देणाऱ्याखाली 'क्षपणक' आणि घेणाऱ्याखाली 'ऑक्सिडक' असे लिहावे. सल्फेट दोन्ही ओळींत येत नाही, याचा अर्थ त्याने काही केले नाही. या दोन ओळी लिहायला अर्धे मिनिट लागते, आणि हे अर्धे मिनिट वाचवण्यासाठी मुले दोन गुण घालवतात याचे मला खरोखर वाईट वाटते.

ऑक्सिजन नाही म्हणजे ऑक्सिडीकरण नाही, असे समजू नये. वरच्या अभिक्रियेत जस्ताने ऑक्सिजन घेतलेला नाही. उलट, HCl आणि NaOH यांच्या उदासिनीकरणाला रेडॉक्स (ऑक्सिडीकरण आणि क्षपण एकत्र घडणारी अभिक्रिया) म्हणू नये, कारण तिथे कोणत्याही मूलद्रव्याचा ऑक्सिडीकरण अंक बदलत नाही. तांबे विरल नायट्रिक आम्लात विरघळले म्हणून "हायड्रोजन मुक्त झाला" असे लिहू नये. तिथे नायट्रेटचे क्षपण होऊन नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो.

आम्ल आणि आम्लारी

संहत सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतणे ही चूक माफ करता येत नाही. 98 टक्के आम्लाची घनता 1.84 असते, त्यामुळे ओतलेले हलके पाणी वरच राहते, मिसळताना प्रचंड उष्णता बाहेर पडते आणि वरच्या वर उकळलेले पाणी आम्लासह तोंडावर उडते. नेहमी पाण्यात आम्ल ओतावे, काचेच्या कांडीच्या आधाराने, थोडे थोडे, ढवळत आणि चंचुपात्र थंड पाण्याच्या परातीत ठेवून. अंगावर विरल आम्ल उडाले तर वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धुवावे. सोडा चोळू नये; उदासिनीकरणातही उष्णता निर्माण होते.

तीव्र (पाण्यात जवळजवळ पूर्ण आयन होणारे) आणि संहत (पाणी कमी असलेले) हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. HCl कितीही विरल केले तरी तीव्र आम्लच राहते, आणि ॲसेटिक आम्ल सौम्य असले तरी त्याचे शुद्ध, संहत रूप कातडी भाजते. 0.1 M हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू (pH) 1 असतो, तितक्याच संहतीच्या ॲसेटिक आम्लाचा 3 च्या जवळपास. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी 1909 मध्ये मांडलेल्या या मापनश्रेणीत एक पायरी म्हणजे दहा पट, म्हणून सामू 6 आणि सामू 3 यांत फरक दुपटीचा नसून हजार पटींचा असतो.

उदासिनीकरण झाले म्हणजे सामू 7 झालाच असे नाही. धुण्याचा सोडा हा क्षार (आम्ल आणि आम्लारी यांपासून बनणारा पदार्थ) असूनही त्याचे द्रावण लाल लिटमस निळा करते. कोरड्या वायूला कोरडा लिटमस लावू नये. लिटमसची पुस्तिका उघडी ठेवू नये आणि ओल्या बोटांनी हाताळू नये.

घरगुती दर्शक (रंग बदलून आम्ल-आम्लारी ओळखून देणारा पदार्थ) म्हणून कोकमाचे आगळ आणणारी मुले मला आवडतात, पण ती घट्ट आगळात चुन्याच्या निवळीचे दोन थेंब टाकतात आणि "रंग बदलला नाही, म्हणजे निवळी उदासीन" असे ठरवतात. आगळ स्वतःच आंबट आहे. टाकलेला आम्लारी आधी त्यातले आम्ल संपवण्यातच खर्च होतो. दर्शक नेहमी थेंबाने आणि पदार्थ जास्त, हे प्रमाण पाळावे. मला विचाराल तर जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क बरा: आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवट.

किनाऱ्यावरचे शिंपले आणून त्यांतले कार्बोनेट ओळखायचे असेल तर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यावे. सल्फ्युरिक घेतले तर थोडा फेस येऊन थांबतो, कारण शिंपल्यावर कॅल्शिअम सल्फेटचा कमी विरघळणारा थर बसतो, आणि मुले "शिंपल्यात कार्बोनेट कमी आहे" असे लिहितात. निघालेला वायू त्याच दिवशी गाळलेल्या निवळीत सोडावा, कारण जुनी निवळी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आधीच निकामी झालेली असते. निवळी दुधाळ झाली की नळी लगेच बाहेर काढावी. वायू पुढे सोडत राहिल्यास कॅल्शिअम बायकार्बोनेट तयार होऊन ती पुन्हा स्वच्छ होते, आणि उशिरा पाहणारा विद्यार्थी "बदल झाला नाही" असे लिहितो.