मृगापूर्वी ओळखा कुंडीतले कंद

मे सरत आला की रोपवाटिकांत ‘लिली’ या एका नावाखाली चार-पाच तऱ्हेचे कंद विकायला येतात. घरी आणल्यावर सगळ्यांना सारखीच माती आणि सारखेच पाणी मिळते, आणि भर पावसात त्यातले काही कुजतात. प्रत्येक कंदाची विश्रांतीची वेळ वेगळी असते, म्हणून लावण्याआधी तो कशाचा आहे हे पाहून घ्या.

अमेरिलिस म्हणून आपल्याकडे मिळते ती बहुधा हिप्पिअ‍ॅस्ट्रम असते. कंद मोठा, वर तपकिरी पापुद्रा, पट्ट्यासारखी पाने समोरासमोर दोन ओळींत. स्पायडर लिलीची पानेही तशीच, त्यामुळे फुलाविना हमखास गल्लत होते. अशा वेळी जुना फुलदांडा कापून पाहा. हिप्पिअ‍ॅस्ट्रमचा दांडा आतून पोकळ असतो, स्पायडर लिलीचा भरीव. फुटबॉल लिलीचे पान रुंद आणि मऊ, मधली शीर ठळक. देठ एकमेकांत गुंडाळून खोडासारखे दिसतात आणि त्यांच्या बुडाशी ठिपके असतात. रेन लिलीची पाने गवतासारखी बारीक, कंदही लहान. निशिगंधाचे कंद लांबट, झुबक्याने चिकटलेले. ग्लॅडिओलसचा गड्डा मात्र चपटा असतो आणि कापला तर आत पापुद्रे नसतात. तो आत्ता मिळाला तरी कुंडीसाठी ऑक्टोबरपर्यंत थांबणे बरे.

काळी माती शेताला उत्तम, पण कुंडीत ती पाणी धरून बसते. पोयटा माती, जाड वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत समप्रमाणात घ्या, मूठभर निंबोळी पेंड मिसळा. हिप्पिअ‍ॅस्ट्रमची मान आणि कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर राहू द्या. कुंडी फार मोठी घेऊ नका. कंद आणि काठ यांत दोन-तीन बोटे जागा पुरते. निशिगंध आणि रेन लिली मातीखाली लावा. निशिगंधाचा एक कंद एकदाच फुलतो, पुढची फुले बाजूच्या पिल्लांवर येतात, म्हणून त्याला पसरट कुंडी द्या. वाणात बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा ‘प्रज्वल’ किंवा राहुरी विद्यापीठाचा ‘फुले रजनी’ मिळाल्यास जरूर घ्या.

सर्वांत जास्त नुकसान होते ते पाने कापल्याने. मार्च-एप्रिलचा बहर संपला की हिप्पिअ‍ॅस्ट्रमला पावसाळाभर नुसती पानेच असतात आणि कुंडी अडगळ वाटू लागते. पण साधारण दर चार पानांमागे कंदाच्या आत एक कळी धरते. जुलै-ऑगस्टमध्ये हिरवी पाने छाटलीत, तर पुढच्या वर्षीचा दांडाच गेला म्हणून समजा. फक्त सुकलेला फुलदांडा काढा, पंधरा दिवसांनी पातळ शेणपाणी द्या. नोव्हेंबरपासून पाणी हळूहळू तोडा, मग कुंडी सहा ते आठ आठवडे कोरडी ठेवा आणि फेब्रुवारीत पुन्हा पाणी सुरू करा. फुटबॉल लिलीची पाने हिवाळ्यात आपोआप पिवळी पडतात. ती मेली असे समजून कुंडी रिकामी करू नका, वळवाच्या सरींनी ती पुन्हा वर येते. स्पायडर लिलीला मात्र असा ताण देऊ नका, ती बारमाही हिरवी असते.

कोकणात आणि घाटमाथ्यावर कुंडी पागोळीखाली ठेवू नका. विदर्भात गच्चीवरची कुंडी पहिला पाऊस पडेपर्यंत दुपारच्या उन्हातून हलवा. कंदाचे बूड अंगठ्याने दाबून मऊ लागले, तर पांढरा निरोगी भाग येईपर्यंत कापा, कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या द्रावणात (लिटरला 2.5 ग्रॅम) बुडवा आणि दोन-तीन दिवस सावलीत सुकवून मगच लावा.

पाऊस लागला की काळ्या अंगावर पांढरे-नारिंगी ठिपके असलेल्या अळ्या लिलीवर येतात. लहान असताना त्या थव्याने पान खरवडतात, मोठ्या झाल्या की एका-दोन दिवसांत कुंडी बोडकी करतात. पानांची खालची बाजू रोज पाहा, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका, जोडीला पाच टक्के निंबोळी अर्क फवारा.

ट्युलिप आणि हायसिंथच्या ऑनलाइन जाहिरातींना भुलू नका. ट्युलिपला फुलण्याआधी तीनेक महिने थंडी लागते, ती आपल्या हवेत मिळत नाही. फ्रिजमध्ये गारवा दिलेले कंद एखाद्या वर्षी फुलतात, पण इथे टिकत नाहीत; त्या पैशात रेन लिलीच्या कितीतरी कुंड्या होतील.

आणि काढलेले कंद नाव लिहूनच साठवा, स्वयंपाकघरातल्या कांद्यांपासून दूर. हिप्पिअ‍ॅस्ट्रम, स्पायडर लिली, फुटबॉल लिली यांचे कंद विषारी आहेत. कुत्र्याने किंवा लहान मुलाने ते चावून खाल्ले तर उलट्या होतात, लगेच डॉक्टरांना दाखवा.