बारा बोअरची पिन दगा देते तेव्हा

बारा बोअरच्या, म्हणजे छऱ्याच्या बंदुकीचा चाप ओढला, नुसतं 'टक्' झालं आणि बार उडाला नाही, तर लगेच बंदूक उघडू नका. नळीचं तोंड मातीच्या बांधाकडे धरून पुरतं एक मिनिट थांबा. दमट काडतूस कधी कधी उशिरा पेट घेतं, आणि त्याच क्षणी बंदूक उघडलेली असली तर फुटलेलं पितळ थेट तोंडावर येतं. मिनिटानंतर चेहरा बाजूला ठेवून उघडा. काडतूस टाकून मात्र देऊ नका, दोष कुठे आहे ते त्याच्या टोपीवरच, म्हणजे बुडाच्या मधोमध जिथे पिनेचं टोक आपटून बार पेटतो तिथेच, उमटलेलं असतं.

टोपीवरची खूण भिंगाखाली बघा. शेजारी त्याच नळीतून पूर्वी नीट उडालेलं टरफल ठेवा. खूण खोल, गोल आणि मधोमध असेल तर पिनेनं आपलं काम केलंय, काडतूसच गेलेलं आहे. गगनबावडा, राधानगरीकडच्या पावसाळ्यात उघड्या खोक्यातल्या काडतुसांचं असं होतंच. खूण उथळ असेल तर ठोका कमी पडतोय. एका बाजूला सरकलेली असेल तर पिनेचं टोक वाकलंय किंवा तिचं भोक झिजलंय. टोपीला आरपार छिद्र पडलं असेल तर टोक तुटून धारदार झालेलं असण्याची शक्यता मोठी. त्या छिद्रातून गरम वायू मागे येतो, म्हणून त्या नळीतून पुढचा बार काढायचाच नाही.

दुनळीत निदान सोपं पडतं. एकाच खोक्यातली नवी काडतुसं रेंजवर दोन्ही नळ्यांतून उडवा. एकीकडे खूण उथळ आणि दुसरीकडे चांगली, तर दोष त्या बाजूच्या पिनेत किंवा तिला ठोका देणाऱ्या घोड्याच्या स्प्रिंगमध्ये. दोन्हीकडे उथळ, तर आधी काडतुसांवर संशय घ्या. नळी आणि मागचा भाग यांच्यात खुळखुळ वाटत असेल तर ठोका बसताना काडतूस पुढे सरकतं आणि पिन चांगली असूनही खूण उथळ येते.

आता पिनेकडे. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे बोट घालून बघा, मग नळी उतरवा. बाहेर घोडा असलेल्या बंदुकीत घोडा मागे ओढून धरा आणि पिनेची मागची बाजू लाकडी काडीने दाबा. पुढे सव्वा ते दीड मिलिमीटर टोक यावं, काडी सोडताच ते आत जावं. टोक अर्धगोल आणि गुळगुळीत हवं. दाबल्यावर पिन अडखळली किंवा पुढेच राहिली तर खरी भीती ती आहे: अडकलेल्या पिनेवर काडतूस घालून बंदूक मिटली की चाप न ओढताही बार उडू शकतो.

अडकण्याचं कारण बहुतेक वेळा घाण असतं. आपल्याकडे बंदुकीला खोबरेल लावायची सवय आहे, आणि ते थंडीत थिजतं, जुनं झालं की चिकट होतं. निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात महिना-दोन महिने जमा राहते, तेवढ्यात दमट हवेनं गंजही धरतो. पिनेच्या भोकात रॉकेलचे चार-पाच थेंब सोडा, तासभराने काडीने पन्नासेक वेळा दाबा, फडक्याने टिपा, पुन्हा करा. शेवटी बंदुकीच्या तेलाचा एकच थेंब. जास्त तेल घातलं तर तेच धूळ आणि राख धरून ठेवतं, आणि टोपीत झिरपलं तर चांगलं काडतूसही फुसकं निघतं.

एवढ्यावर घरचं काम संपलं. आत घोडा असलेली बंदूक खोलू नका. स्प्रिंग ताणलेली असते आणि साध्या पेचकसाने स्क्रूच्या खाचा खराब होतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर कुणीही पिन कातून देईल, पण तो मोह ठेवू नका. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. शिवाय मऊ लोखंडाची पिन काही बारांतच चेपते, आणि फाजील कडक केलेली टोकाशी तुटते. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच जा. बंदूक रिकामी, आवरणात, सोबत परवाना. स्वतः जाणं जमत नसेल तर तुमच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याला दुरुस्तीसाठी नेता येते, कायदा ते मानतो. पावतीवर बंदुकीचा नंबर घालून घ्या आणि फसलेलं काडतूस, उडालेली टरफलं त्याला दाखवा. निम्मं निदान त्यावरूनच होतं. पिन बदलताना तिची स्प्रिंगही बदलायला सांगा, आणि घोड्याचा माथा चेपलाय का ते बघायला लावा. चेपलेल्या घोड्यानं नवी पिनही वाकडी ढकलली जाते.

बंदूक परत आली की नव्या पिनेची पहिली दहा टरफलं जपून ठेवा, डावी-उजवी वेगळी. सगळ्या खुणा सारख्या खोल आणि मधोमध असल्या तर काम झालं. एकदोन जरी उथळ निघाल्या तर तीच टरफलं घेऊन परत जा. घरी रिकाम्या नळीवर घोडा टाकू नका, त्यासाठी डमी काडतूस वापरा.