नागपुरात बाहेर बसून वॉटरकलर: पिशवी हलकी, कागद मागून ओला

हे फक्त वॉटरकलरबद्दल आहे, ऑइलवाल्यांचं गणित वेगळं असतं आणि त्यात मला पडायचं नाही. ब्रश धरता येतो, घरी टेबलावर दोन-चार चित्रं झालीत, एवढं गृहीत धरतो.

पिशवी

ईझल, म्हणजे चित्राचा बोर्ड उभा ठेवायचा स्टँड, घेऊ नका. मी घेतलं होतं, लाकडी, फोल्डिंगचं, दिसायला एकदम चित्रकार. पहिल्याच दिवशी फुटाळा तलावावर वारा सुटला आणि बोर्ड संक्रांतीच्या पतंगासारखा उडाला, पाण्याचा डबा माझ्या मांडीवर. तेव्हापासून ते ईझल दिवाणाखाली आहे. मांडीवर बोर्ड घेऊन बसायचं, बस. पिण्याचं पाणी सोडून सगळं सामान दीड किलोच्या वर गेलं की समजा काहीतरी फालतू भरलंय, आणि जड पिशवी असली की माणूस दोनदा जातो अन् तिसऱ्यांदा "आज राहू दे" म्हणतो.

बोर्ड म्हणजे ३ एमएमचा सनबोर्ड, फोमसारखं हलकं प्लॅस्टिक. नेमप्लेट-बॅनर करणाऱ्यांकडे तुकडे पडलेले असतात, १२ बाय १६ इंचाचा कापून मागा. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास आणि पाण्याने फुगत नाही, हे दुसरं जास्त महत्त्वाचं, का ते पुढे सांगतो. परीक्षेचं हार्डबोर्डचं पॅड चालेल असं लोक सांगतात, चालत नाही, चार वेळा ओलं झालं की पापडासारखं वाकडं होतं.

पॅलेट विकत घ्यायची गरज नाही. शाळेतली पत्र्याची कंपास पेटी काढा, झाकणाला आतून पांढरा ऑइलपेंट मारा, रिकामे हाफ पॅन (रंग भरायच्या छोट्या प्लॅस्टिकच्या डब्या) आणून त्यांच्या बुडाला चुंबकाची पट्टी चिकटवा आणि ट्यूबमधले रंग त्यात भरा. एकदम काठोकाठ भरू नका, अर्धं भरून वाळू द्या मग उरलेलं, नाहीतर उन्हाळ्यात भेगा पडून खडे बाहेर येतात. मेडिकलमधून ग्लिसरीन आणून प्रत्येक पॅनमध्ये एक थेंब, काडीने ढवळून. एकच! मी एकदा हौसेने तीन टाकले आणि अख्खा पावसाळा रंग बोटाला चिकटत राहिले. रंग आठ पुरतात, पांढरा अन् काळा घरी ठेवा.

ब्रश तीन: एक मोठा मॉप (भरपूर पाणी धरणारा जाड, मऊ ब्रश), एक १० नंबरचा गोल, एक बारीक. केमिस्टकडची बारीक फवाऱ्याची बाटली, जुन्या बनियनचं फडकं, दोन क्लिपा, पाण्याला झाकणाचा प्लॅस्टिक डबा. बसायला फोल्डिंग स्टूल नाहीतर नुसती सतरंजीची घडी.

पैसे वाचवायचे तर वरच्या सगळ्यात वाचवा, कागदात वाचवू नका. ३०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम, जाड), शंभर टक्के कॉटन. महाग आहे मान्य, पण फुल शीट २२ बाय ३० इंचाची येते, तिचे आठ तुकडे करा, साडेसात बाय अकराचे, एका सकाळला एवढा आकार भरपूर झाला. स्वस्त लाकडी लगद्याच्या कागदावर "आधी प्रॅक्टिस" करा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. त्यावर बाहेर काहीच जमत नाही आणि आपल्याला वाटतं आपला हातच वाईट.

जागा आणि वेळ

मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास उजाडतं, तेव्हा निघा, आठला सामान गुंडाळा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, जाऊ नका, कोणी बक्षीस देत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र दहा-साडेदहापर्यंत मजेत बसता येतं. सुरुवातीला फुटाळा किंवा गांधीसागरचा काठ घ्या, पाणी, झाडं, आकाश, सोपं असतं. हात बसला की महालात गांधी गेट, इतवारीतल्या गल्ल्या दुकानं उघडायच्या आत. झिरो माईलच्या खांबाजवळचे घोड्यांचे चार पुतळे सगळ्यांना काढायचे असतात, पण ट्रॅफिकचा धूर खात बसावं लागतं. सीताबर्डीच्या किल्ल्याच्या बाजूला जाऊ नका, तो मिलिटरीचा एरिया आहे, कागद-पेन घेऊन टक लावून बसलेला माणूस त्यांना का आवडावा.

कागद सावलीतच हवा. उन्हातला पांढरा कागद डोळ्याला एवढा लखलखीत दिसतो की आपण रंग गडद-गडद लावत जातो आणि घरी येऊन बघतो तर सगळं काळवंडलेलं. गॉगल काढा, दुपट्टा बांधा. आणि लाल-निळी छत्री डोक्यावर धरू नका, तिचा रंग कागदावर उतरतो. छत्री काळी किंवा पांढरी.

आकाशाचा वॉश

वॉश म्हणजे पाणीदार रंगाचा सलग, पातळ थर. आता इथे थांबा, कारण माझी दोन वर्षं इथेच गेली.

घरी माझं आकाश बरं यायचं आणि बाहेर गेलो की पट्ट्यापट्ट्यांचं. मार्चची गोष्ट, सकाळचे नऊ, वरून निळा ओढत आणला, अर्ध्यावर पोचेपर्यंत वरचं कोरडं ठणठणीत, पुढचा हात मारला की कडक रेघ, ती मिटवायला घासलं की कागदाची साल निघायची. मग सल्ले सुरू. एक म्हणाले हात लवकर चालव. चालवला, रेघा लवकर आल्या. दुसरे म्हणाले पाणी वाढव. वाढवलं, खाली तळं साचलं आणि ते उलटं वर चढून आकाशात फुलकोबी उगवली, म्हणजे तसल्या कडांचे डाग. तिसरे म्हणाले व्हिडिओ बघ. आता व्हिडिओतला माणूस थंड दमट हवेत बसलेला, त्याचा कागद निवांत ओला राहतो, तो चहा पिऊन येऊन ढग काढतो, त्याचं आपल्याला काय!

डोक्यात प्रकाश पडला तो कूलरमुळे. आपल्याकडे कूलर काहून चालतो? हवा कोरडी आहे म्हणून. ताट्यांवरचं पाणी भराभर उडतं आणि उडताना हवा गार करून जातं, तोच कूलर मुंबईत लावा, नुसती चिकचिक. म्हणजे जी हवा तुमचा कूलर चालवते तीच तुमचा वॉश वाळवते. तिच्याशी हाताच्या वेगाने नाही जिंकता येत राजेहो, कागदातच पाणी साठवून ठेवावं लागतं. आणि ते साठवायचं मागच्या बाजूने.

तर असं करा. पेन्सिलचं काम घरूनच किंवा पोचल्यावर आधी उरकून घ्या. मग कागद उलटा करा आणि मॉपने मागची बाजू चिंब भिजवा, मिनिटभर थांबा, परत भिजवा. कॉटनचा कागद पाणी पितो, पिऊ द्या. मग तो सरळ करून सनबोर्डवर ठेवा आणि मधून कडेकडे तळहाताने हवा काढा, पोळपाटावर पोळी बसावी तसा तो चिकटून बसतो, टेप लागत नाही. हार्डबोर्डचं पॅड असतं तर हेच पाणी त्याने पिऊन टाकलं असतं. आता पुढची बाजू भिजवा, एक हात आडवा, एक उभा.

आणि आता काहीच करू नका. सगळे इथेच चुकतात, मीही चुकायचो. पाणी डबक्यासारखं चमकतंय तोवर रंग लावला तर तो कुठेही पळतो. कागद तिरपा धरून उजेडात बघा, डबक्याची चमक जाऊन साटीनच्या कापडासारखी मंद झळाळी राहिली की तीच वेळ. त्या थांबण्यात रंग कालवून घ्या, लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट, कारण मध्येच रंग संपून परत कालवायला गेलात तर केलेलं सगळं पाण्यात. आणि कालवताना वाटतो त्यापेक्षा गडद ठेवा, ओल्या कागदात तो फिका पडतोच.

बोर्ड मांडीवर थोडा तिरपा, वर चार बोटं उचललेला, आणि वरून खाली एकेक आडवा हात. खाली आलं की ब्रश फडक्याला टिपून तळाशी साचलेली धार शोषून घ्या. झालं. एवढं केल्यावर मला उन्हाळ्यातही दहा मिनिटं मिळतात, पूर्वी दोन मिळायची नाहीत. कडा सुकायला लागल्या तर फवारा हातभर वरून हवेत मारा, नेम धरून कागदावर नाही, थेंबांचे डाग पडतात.

झळाळी गेली की हात काढा. त्यानंतर ओला ब्रश लावला की फुलकोबी, शंभर टक्के. "फक्त एवढा ढग नीट करतो" असं मनात आलं की मी सरळ ब्रश खाली ठेवतो आणि पाणी प्यायला उठतो. वाळलं का हे बघायला बोटाचा मागचा भाग हलकेच टेकवा, गार लागलं म्हणजे अजून ओल आहे, परत कूलरचंच तत्त्व.

जुलै-ऑगस्टमध्ये हे सगळं उलटं. मागून भिजवू नका, टेप लावा, वॉश देऊन समोसा खाऊन या.

बाकीचं

झाडं, इमारती, सावल्या घरी करता तशाच करा, वाळणं लवकर होतं ते इथे फायद्याचंच आहे.

लोक येतीलच. "काका, काय करून राहिले?", "एकाचे किती घेता?", आणि एखादा गार्ड परमिशन विचारेल. वाद घालू नका, चित्र दाखवा, बहुतेक जण दोन मिनिटं बघतात अन् स्वतःच गावाकडच्या मंदिराचा विषय काढतात. एका गार्डने माझ्यावर छत्रीही धरली होती. पोरांना मात्र फवाऱ्याची बाटली देऊ नका.

रंगाचं पाणी तलावात ओतायचं नाही, बाटलीत भरून घरी आणा. चित्र बोर्डवरच राहू द्या, वाळून आपोआप सुटतं. आणि ब्रश गाडीच्या डिक्कीत विसरू नका. मी एप्रिलमध्ये एक दुपार विसरलो होतो, मॉपच्या दांड्यावरचा रंग तडकला आणि पितळी टोपण सुटून केसांसकट हातात आलं.